पडल्यावरही जागेवर राहील असा पोशाख: दुचाकी चालवणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

दुचाकीवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच असतं. तेवढ्या उंचीवरून पडलं तर ते जमिनीला टेकताना ताशी २० किलोमीटरच्या आसपास वेगाने आदळतं. गाडी ताशी १० ने जात होती की ६० ने, याने त्या आकड्यात फरक पडत नाही, कारण हा वेग निव्वळ उंचीतून येतो. म्हणून 'कोपऱ्यापर्यंतच जायचंय, हळूच जाणार आहे' हे कारण डोक्याच्या बाबतीत लागू होत नाही.

लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० हून अधिक मोटरसायकल अपघातांचा जागेवर जाऊन केलेला हॅरी हर्ट यांचा अहवाल १९८१ साली आला. त्यातल्या निम्म्या अपघातांत गाडीचा आधीचा वेग ताशी ४८ किलोमीटरपेक्षा कमी होता, आणि प्रत्यक्ष धडकेच्या क्षणी तो ३५ च्याही खाली होता. बरेचसे अपघात छोट्या कामासाठी निघाल्यावर, निघाल्या ठिकाणापासून जवळच झाले होते. पुढे जे काही सांगितलं आहे ते स्कूटरवरून भाजी आणायला जाणाऱ्यालाही तितकंच लागू आहे.

साधनं विकत घेताना बहुतेक जण जाडी, किंमत आणि दिसणं बघतात. पडताना मात्र पहिला प्रश्न वेगळाच असतो: हे शरीरावर जागेवर राहील का? डोक्यावरून निघून गेलेलं हेल्मेट, कोपरावरून सरकून दंडावर गेलेलं पॅड, हातातून निसटलेला ग्लोव्ह, पायातून उडालेला बूट यांचा दर्जा कितीही चांगला असला तरी उपयोग शून्य. म्हणून इथे प्रत्येक वस्तूसाठी ती नीट बसली आहे का हे तपासण्याची रीत दिली आहे. ती दुकानात करा, आणि घरी असलेल्या जुन्या सामानावर आजच करून बघा.

हेल्मेट

हेल्मेटमध्ये खरं काम करतो तो आतला थर्माकोलसारखा दाट थर. बाहेरचं कवच टोकदार वस्तू आत घुसू देत नाही आणि आघात मोठ्या भागावर पसरवतं. मग थर्माकोल चेपला जातो आणि डोक्याला थांबायला दोन-तीन सेंटीमीटर जागा आणि काही मिलिसेकंद जास्त मिळतात. कवटीच्या आत मेंदू आपटण्याचा जोर त्यामुळे कमी होतो. चेपलेला थर परत फुगत नाही. त्यामुळे एका जोरदार आघातानंतर ते हेल्मेट बाहेरून कितीही चांगलं दिसलं तरी संपलेलं असतं. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. बाकी कुठल्याही साधनाची यात बरोबरी नाही, म्हणून पैसे मोजकेच असतील तर आधी इथे घाला.

प्रकार निवडताना हनुवटीचा विचार करा. जर्मनीतल्या हॅनोव्हर इथे डिटमार ऑटे यांनी अपघातात सापडलेल्या हेल्मेटांवर आघात कुठे झाले याची नोंद केली. त्यातले सुमारे एक तृतीयांश आघात हनुवटीच्या आणि जबड्याच्या भागावर होते. उघड्या तोंडाच्या हेल्मेटमध्ये नेमका हाच भाग मोकळा राहतो. पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट हाच आमचा सल्ला, स्कूटरसाठीही. हनुवटीचा भाग वर उचलता येणारं घेत असाल तर पट्ट्यावरच्या शिक्क्यात 'पी' आणि 'जे' ही दोन्ही अक्षरं आहेत का बघा. 'पी' म्हणजे हनुवटीच्या भागाची संरक्षणचाचणी झाली आहे, 'जे' म्हणजे उघड्या स्थितीतही ते मान्य आहे. 'एनपी' असेल तर पुढचा भाग फक्त वारा अडवतो, आघात नाही. आणि दोन्ही अक्षरं असली तरी चालवताना ते बंदच ठेवा.

मानकाचा शिक्का पट्ट्यावर शिवलेला किंवा मागच्या बाजूला असतो. युरोपीय ईसीई २२.०६ हे सध्याच्या कडक मानकांपैकी एक. आधीच्या २२.०५ पेक्षा यात जास्त ठिकाणी, कमी आणि जास्त अशा दोन्ही वेगांनी आदळून बघतात, आणि तिरका आघात झाल्यावर डोकं किती फिरतं हेही मोजतात. तुमच्या देशात जो शिक्का कायद्याने लागतो तो तर हवाच. नुसतं वरून चिकटवलेलं स्टिकर, तेही वाकडं किंवा नखाने निघणारं, म्हणजे पुरावा नव्हे.

आता मापाचं. सर्वात जास्त चुका इथेच होतात, आणि चूक जवळजवळ नेहमी एकाच दिशेने होते: हेल्मेट मोठं घेतलं जातं, कारण दुकानात सैल हेल्मेट आरामशीर वाटतं.

१. शिंप्याची टेप भुवयांच्या वर अडीच सेंटीमीटरवरून, कानांच्या वरून आणि डोक्याच्या मागच्या सर्वात फुगीर भागावरून फिरवा. तीन वेळा मोजा आणि सर्वात मोठा आकडा धरा. तक्ता त्याच कंपनीचा बघा. एका कंपनीचं मध्यम माप दुसऱ्या कंपनीत लहान निघू शकतं.

२. पट्ट्याची दोन्ही टोकं बाहेरच्या बाजूला ओढून हेल्मेट फाकवा आणि घाला. नवीन हेल्मेट घालताना कान थोडे दुमडले तर ते ठीक आहे. अलगद डोक्यात गेलं तर ते मोठं आहे.

३. गालाच्या गाद्यांनी गाल आत दाबले गेले पाहिजेत, बोलताना आतला गाल दातांना लागेल इतके. गाद्या वापराने बसतात, पहिल्या काही आठवड्यांत हा दाब कमी होतो.

४. हेल्मेट दोन्ही हातांनी धरून डावीकडे-उजवीकडे आणि वर-खाली हलवा, डोकं स्थिर ठेवून. गालाची आणि कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर ओढली गेली पाहिजे. हेल्मेट कातडीवरून घसरत असेल तर एक माप खाली या.

५. पट्टा बांधा. पट्टा आणि गळा यांच्यामध्ये दोनच बोटं जावीत. मग दुसऱ्या कुणाला तरी मागच्या कडेखाली बोटं घालून हेल्मेट पुढे, डोक्यावरून लोळवून काढायला सांगा. निघालं किंवा समोरची कड डोळ्यांवर आली तर ते घेऊ नका.

६. पंधरा-वीस मिनिटं घालून बसा. काढल्यावर कपाळावर एकाच जागी लाल ठसा आणि दुखरेपणा असेल तर माप बरोबर असूनही आकार चुकला आहे. डोकी गोलसर, मध्यम आणि लांबट अशा आकारांची असतात, हेल्मेटंही तशीच. लांबट डोक्यावर गोल हेल्मेट कपाळाला टोचतं आणि कानशिलाजवळ सैल राहतं. अशा वेळी मोठं माप घेणं हा उपाय नाही, दुसरं मॉडेल बघायचं.

पट्टा न लावता घातलेलं हेल्मेट पहिल्याच धक्क्यात निघून जातं. चेहऱ्यावर हात फिरवल्यासारखं बक्कल लावून मोकळं होणं आणि 'टक' आवाज ऐकून पट्टा ओढून पाहणं यात दोन सेकंदांचा फरक आहे. दात्यांचं बक्कल सोयीचं असलं तरी पट्टा हळूहळू सैल होत जातो, म्हणून महिन्यातून एकदा त्याची लांबी पुन्हा जुळवा. दोन कड्यांचं बक्कल प्रत्येक वेळी आपोआप गळ्याच्या मापाचं बसतं. मात्र पट्टा दोन्ही कड्यांतून जाऊन परत एकाच कडीतून मागे आला पाहिजे. तसं न झाल्यास तो ओढल्याबरोबर सुटतो.

काच हा निम्मा हेल्मेटच आहे. ओरखडे पडलेल्या काचेवर समोरून येणाऱ्या दिव्याचा प्रकाश पसरतो आणि रात्री समोर पांढरा पडदा उभा राहतो. वाळलेले किडे आणि धूळ कोरड्या फडक्याने घासू नका. ओलं फडकं दहा मिनिटं काचेवर ठेवा, मग हलकेच पुसा. पेट्रोल, थिनर किंवा काचा पुसायचा अमोनियायुक्त फवारा वापरू नका. पॉलिकार्बोनेटला त्याने बारीक तडे जातात, आणि कवच त्याच मटेरियलचं असेल तर तेही कमजोर होतं. म्हणूनच हेल्मेट पेट्रोलच्या टाकीवर किंवा उघड्या डब्याशेजारी ठेवत नाहीत, आणि रंगवतही नाहीत. रात्रीसाठी काळी काच कधीच नको. पावसात वाफ धरते त्यावर आत बसवायची दुसरी पातळ काच मिळते. तिच्या कडेची सिलिकॉनची रेघ सगळीकडे टेकलेली असली तरच ती काम करते.

नियमित वापर असेल तर पाच वर्षांनी हेल्मेट बदला. घाम, केसांचं तेल आणि ऊन यांनी आतलं अस्तर आणि गोंद सैल पडतात, आणि मूळचं घट्ट माप राहत नाही. हातातून रिकामं हेल्मेट एकदा टेबलाच्या उंचीवरून पडलं तर सहसा टाकून द्यावं लागत नाही, पण आरशावर किंवा हँडलवर रोज लटकवलं तर आतला थर्माकोल त्या जागी खड्डा धरतो. जुनं, वापरलेलं हेल्मेट विकत घेऊ नका. त्याने काय सोसलं आहे हे बाहेरून कळत नाही.

जॅकेट आणि पॅन्ट

इथे दोन वेगळी कामं आहेत: रस्त्यावर घासताना कातडी वाचवणं आणि सांध्यांवरचा आघात कमी करणं. पहिलं काम कापडाचं, दुसरं पॅडचं. साध्या सुती जीन्सला घासताना भोक पडायला क्षणही लागत नाही, आणि स्वस्त नायलॉनची ट्रॅकपॅन्ट घर्षणाच्या उष्णतेने वितळून जखमेत चिकटते.

युरोपीय ईएन १७०९२ मानकात कपड्यांचे वर्ग आहेत. सर्वात वरचा ट्रिपल ए, मग डबल ए, मग ए. खांदे, कोपर, खुबे आणि गुडघे या सर्वात जास्त घासणाऱ्या भागांची चाचणी ट्रिपल एसाठी ताशी १२०, डबल एसाठी ७० आणि एसाठी ४५ किलोमीटरच्या वेगाशी जुळवून होते. 'बी' वर्गात कापड 'ए'सारखंच, पण पॅड नाहीत. 'सी' म्हणजे जाळीवर बसवलेली पॅड, कापडाचं संरक्षण नाही. रोजच्या शहरी वापराला 'ए' किंवा 'डबल ए' पुरतो, महामार्गावर जाणाऱ्याने 'डबल ए'च्या खाली जाऊ नये. चामडं घासण्याला उत्तम टिकतं, पण जड आणि गरम. उन्हाळी जाळीचं जॅकेट हवेशीर असतं आणि त्याच्या सांध्यांवर जाड कापड असलं पाहिजे. जाळीच सगळीकडे असेल तर ते उचलू नका.

पॅडवर ईएन १६२१ हा आकडा आणि पातळी १ किंवा २ छापलेली असते. हातापायांच्या पॅडवर ५० ज्यूलचा आघात करून पलीकडे किती बल पोचतं ते मोजतात. पातळी १ ला सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत चालतं, पातळी २ ला २० पर्यंतच. पाठीच्या पॅडला याहून कडक मर्यादा आहे: १८ आणि ९. पाठीच्या खिशात हात घालून आधी बघा, कारण बऱ्याच जॅकेटांमध्ये तिथे नुसता फोमचा पातळ तुकडा भरलेला असतो. त्यावर कुठलाच क्रमांक नसतो आणि तो फक्त आकार भरून ठेवतो. तो काढून पातळी २ चं पॅड टाकणं ही जॅकेटवरची सर्वात सार्थ खरेदी.

मापाची तपासणी उभं राहून करू नका, गाडीवर बसून करा. हात हँडलवर असताना कोपराचं टोक पॅडच्या मध्यावर आलं पाहिजे. पॅड बाहेरून पकडून फिरवा. ते दोन-तीन सेंटीमीटरहून जास्त सरकलं तर दंडावरचा पट्टा ओढा, आणि तरीही सरकलं तर माप मोठं आहे. मग कुणाला तरी बाहीचं टोक खांद्याकडे जोरात ओढायला सांगा. मनगट उघडं पडत असेल तर घसरताना कोपरही उघडं पडणार. पॅन्टमध्ये बसल्यावर गुडघ्याचं पॅड वर चढतं, म्हणून ते गुडघ्याच्या वाटीपासून नडगीच्या वरच्या भागापर्यंत आलं पाहिजे. बहुतेक पॅन्टांत पॅडचा खिसा वेल्क्रोने वर-खाली करता येतो. जॅकेट आणि पॅन्ट जोडणारी कमरेची चेन असेल तर ती लावाच. पाठीवर घसरताना जॅकेट वर गोळा होऊन कमरेची कातडी उघडी पडते, ते या चेनने थांबतं.

ऑस्ट्रेलियात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २१२ अपघातग्रस्त चालकांचे कपडे तपासले होते. खास दुचाकीचं जॅकेट, पॅन्ट किंवा ग्लोव्हज घालणाऱ्यांना रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याची शक्यता स्पष्टपणे कमी होती. त्याच अभ्यासात सुमारे ३० टक्के जॅकेट आणि सुमारे २६ टक्के ग्लोव्हज फाटून किंवा झिजून निकामी झाले होते. मानकाचा शिक्का बघायला आम्ही वारंवार सांगतो ते यासाठी. शिवण बघायची तर सांध्याजवळ दोन किंवा तीन रांगा हव्यात, त्यांतली एक आतल्या बाजूला झाकलेली.

एअरबॅगचं जाकीट घेत असाल तर त्याच्या बाहेरच्या जॅकेटमध्ये फुगायला जागा हवी. तंग जॅकेटखाली ते छातीलाच दाबेल.

ग्लोव्हज

पडताना हात आपोआप पुढे जातात, कितीही ठरवलं तरी. तळहात रस्त्याला चिकटला की शरीराचं वजन मनगटावर येतं आणि अंगठ्याच्या मुळाशी असलेलं होडीच्या आकाराचं छोटं हाड मोडतं. त्याचा रक्तपुरवठा कमी असल्याने ते जुळायला महिने लागतात. म्हणून तळहाताच्या टाचेवर कडक, गुळगुळीत पट्टी असलेला ग्लोव्ह घ्या. त्यामुळे हात अडकत नाही, घसरतो.

मनगटावरचा पट्टा सर्वात महत्त्वाचा. तो लावा, हाताची मूठ सैल सोडा आणि दुसऱ्या हाताने बोटांची टोकं पकडून ग्लोव्ह ओढा. निघाला तर तो पडतानाही निघेल. बोटांच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटर जागा हवी. त्याहून जास्त असेल तर ब्रेक आणि क्लचचा अंदाज चुकतो, आणि अजिबात नसेल तर तासाभरात नखं दुखू लागतात. ईएन १३५९४ हे ग्लोव्हजचं मानक. 'केपी' अक्षरं असतील तर बोटांच्या पेरांवरच्या पॅडचीही चाचणी झाली आहे. अर्ध्या बोटांचे ग्लोव्हज घेऊ नका.

बूट

पाय गाडीखाली सापडतो तेव्हा घोटा चिरडला जातो किंवा पिळवटतो. त्याच ऑस्ट्रेलियन अभ्यासात साधे, दुचाकीसाठी न बनवलेले बूटसुद्धा साध्या किंवा स्पोर्ट शूजच्या तुलनेत पाऊल आणि घोट्याच्या इजेचा धोका ५३ टक्क्यांनी कमी करत होते. याचा अर्थ, खास बूट परवडत नसतील तर घोटा झाकणारे जाड चामड्याचे कामाचे बूट चालतील. चप्पल किंवा सँडल अजिबात नको.

बूट हातात घेऊन टाच आणि चवडा उलट दिशेने पिळा, मग चवड्याची रुंदी दोन्ही बाजूंनी दाबा. फडक्यासारखा पिळवटला किंवा सहज चेपला तर तो पाय वाचवणार नाही. नाड्या असतील तर त्यांची टोकं आत खोचा. गिअरच्या दांड्यात किंवा फूटरेस्टवर नाडी अडकली की सिग्नलला पाय खाली टेकत नाही आणि माणूस उभ्या गाडीसकट आडवा होतो. स्कूटरवर पाय समोर असतात, त्यामुळे धडकेत गुडघे पुढच्या पत्र्यावर आपटतात. स्कूटरवाल्यांनी गुडघ्याची पॅड टाळू नयेत ती याच कारणाने. साध्या पॅन्टवर बांधता येणारी पॅड घेत असाल तर वर-खाली दोन पट्ट्यांची घ्या. एका पट्ट्याची पॅड पोटरीवर फिरतात.

ऊन, पाऊस आणि दिसणं

हवा त्वचेपेक्षा गार असेपर्यंत वारा लागला की बरं वाटतं. तापमान ३७ च्या वर गेलं की तोच वारा अंग तापवतो आणि घाम दिसायच्या आत उडवतो. अशा उन्हात जॅकेट काढून टाकण्यापेक्षा आतला सुती शर्ट भिजवून घाला, जॅकेटची चेन थोडी वर ओढून घ्या, आणि तहान लागायची वाट न बघता तासाला अर्धा लिटर तरी पाणी प्या. पावसाळी सूट जॅकेटच्या वर घालायचा असेल तर तो एक माप मोठा हवा. बाहीचं टोक ग्लोव्हच्या आत घ्या की बाहेर, हे ग्लोव्हच्या लांबीवर ठरतं. उलटं झालं तर पाणी ओघळत बोटांपर्यंत जातं.

न्यूझीलंडमधल्या ऑकलंड इथे झालेल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चमकदार किंवा प्रकाश परतवणारे कपडे घालणाऱ्यांना अपघाती इजेचा धोका ३७ टक्क्यांनी, तर पांढरं हेल्मेट घालणाऱ्यांना काळ्याच्या तुलनेत २४ टक्क्यांनी कमी होता. काळं जॅकेट असेल तर वरून एक फ्लोरोसंट बनियन पुरे. मात्र ते अंगाबरोबर राहिलं पाहिजे. फडफडणारं बनियन, मफलर, लांब ओढणी किंवा सैल पायघोळ मागच्या चाकात आणि चेनमध्ये ओढलं जातं.

लांबच्या प्रवासात कानात फोमचे बूच घाला. हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज महामार्गाच्या वेगाला ९० डेसिबलच्या वर जातो आणि कायमचा बहिरेपणा आणतो. बूच घातले तरी हॉर्न ऐकू येतो.

मागे बसणारी व्यक्ती

तिच्यासाठी वेगळे नियम नाहीत. तीच उंची, तोच रस्ता, आणि पकडायला हँडलही नाही. लहान मुलाला मोठ्यांचं हेल्मेट घालू नका. ते सैल बसतं आणि त्याचं वजन मुलाच्या मानेला झेपत नाही. मुलाचे पाय फूटरेस्टवर टेकत नसतील तर त्याला मागे बसवायची वेळ अजून आलेली नाही.

कुणी पडलेलं दिसलं तर

पडलेल्या माणसाचं हेल्मेट घाईने ओढू नका. मानेला इजा असेल तर ती वाढते. तो बोलत असेल, श्वास नीट असेल तर हेल्मेट राहू द्या, काच उघडा, डोकं दोन्ही बाजूंनी हाताने स्थिर धरा आणि रुग्णवाहिका बोलवा. श्वास अडत असेल किंवा थांबला असेल तरच ते काढायचं, आणि शक्य तोवर दोघांनी मिळून. एकाने छातीच्या बाजूने हात घालून जबडा आणि मानेचा मागचा भाग घट्ट धरायचा. दुसऱ्याने पट्टा सोडायचा, न सुटल्यास कापायचा. काही हेल्मेटांत गालाच्या गाद्यांना लाल नाड्या असतात. त्या खाली ओढल्या की गाद्या आधी निघतात आणि हेल्मेट सैल होतं. मग दुसऱ्याने दोन्ही कडा फाकवून ते डोक्याच्या दिशेने सरळ काढायचं, नाक सुटण्यासाठी किंचित मागे कलवून. हेल्मेट निघताना डोकं मागे पडू नये म्हणून पहिला माणूस हात हळूहळू वर सरकवत राहतो, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत सोडत नाही.